व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर जोतीराव

(मौजे वडिवळे, तालुका मावळ, येथे महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीच्या दिवशी एका शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या दिवशी जोतीरावांविषयी जे बोलले जाते ते आपण पुष्कळ वेळा ऐकलेले आहे. १८४८ साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलून ती चालविली, १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, हे शाळेतील चौथीचे पोरही घडाघडा म्हणून दाखविते. ते सारे खरे आहे. परंतु मनुष्याला एकदा देव्हाऱ्यात बसविले म्हणजे त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरते. हार घातला, गुलाल उधळला, की आपण मोकळे! म्हणून आज आम्ही त्यांच्या चरित्राचा असा भाग सांगणार आहोत की, तो ऐकून कोणास असे म्हणता येऊ नये, "ते थोर होते, आपल्याला काय जमणार?"

तो भाग म्हणजे जोतीरावांचा धंदा. हा मनुष्य पोट कशावर भरीत होता? शाळा चालवावयास, अनाथ पोरे पोसावयास, पुस्तके छापावयास पैसा कोठून आणीत होता? आणि तो पैसा मिळविताना जे शिकला त्याचा उपयोग त्याने कोणासाठी केला?

याचे उत्तर त्यांच्याच एका सहीखाली सापडते. १८८२ साली सरकारने या देशातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. त्या कमिशनपुढे जोतीरावांनी एक निवेदन केले. त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. निवेदनाच्या शेवटी त्यांनी सही केली आणि सहीखाली आपली ओळख लिहिली: व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे. त्या काळी म्युनिसिपालिटीच्या सभासदास कमिशनर म्हणत; आजच्यासारखा तो पगारी अधिकारी नव्हे. तेव्हा तीन ओळखी झाल्या. त्यांत ग्रंथकार नाही, समाजसुधारक नाही, पुढारी नाही. 'महात्मा' ही पदवी तर लोकांनी त्यांस पुढे १८८८ च्या मे महिन्यात मुंबईस दिली. स्वतः त्यांनी सांगितले ते एवढेच की, आपण व्यापार करतो, शेत करतो आणि गावच्या कारभारात बसतो. या तीन ओळखी एकेक करून पाहू.

प्रथम थोडे मागे जाऊ. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे माळ्याचे. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवू लागले म्हणून फुले झाले. वडील गोविंदराव यांचा भाजीपाल्याचा व फुलांचा धंदा. पोरगा थोडे शिकला आणि मग घरच्यांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात लावला. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरी होते तसेच. पण शेजारचे गफार बेग मुनशी आणि लेजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि पोरगा १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. एक मुसलमान मुनशी आणि एक ख्रिस्ती साहेब यांनी माळ्याच्या पोराची शाळा सुटू दिली नाही, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मुलींची शाळा काढली तेव्हा लोकांच्या भीतीने बापाने मुलास व सुनेस घराबाहेर काढले. १८४९ सालची ही गोष्ट. नवराबायको दोघेही शाळेत खपणार; शाळेचे वेतन म्हणून काही घेणार नाहीत; आणि घरचा आधार तुटलेला. आता खावे काय? येथेच पुष्कळ चांगल्या माणसांचे पाय मागे सरतात. कोणी एखाद्या धनिकाच्या दाराशी जातो, कोणी सरकारी चाकरी धरतो आणि मग ज्याची भाकरी खातो त्याच्या तोंडाकडे पाहून बोलतो. जोतीरावांनी धंदा धरला.

तो धंदा कसला? १८६३ च्या सुमारास ते धातूच्या ओतकामास लागणारे साचे व सामान पुरवीत असत. तुमच्यापैकी जे लोहार, तांबट आहेत त्यांस सांगावयास नकोच की, ओतकामात सारी करामत साच्याची. धातू वितळविणारे पुष्कळ. पण साचा चुकला तर सारा रस फुकट. आपल्या मावळातून जाणारा आगगाडीचा रस्ताही त्याच काळचा आहे, हे ध्यानात आणा. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि बोरघाट फोडून १८६३ च्या एप्रिलमध्ये मुंबई-पुणे सलग जोडले गेले. हजारो मजूर त्या घाटात खपले. कित्येक पटकीने व अपघाताने मेले. तो घाट खुला झाल्यावर मुंबईचे लोखंड, यंत्रे व व्यापारी माल थेट पुण्यास येऊ लागला, पूल, इमारती, कालवे यांची कामे निघू लागली. ज्याच्यापाशी अक्षर, हिशेब आणि हिंमत होती त्याला या नव्या कामांत वाट मिळाली. जोतीरावांपाशी ही तिन्ही होती.

त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. त्या कामास सामान पुरविणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव होते. येरवड्याच्या पुलाच्या कामातही त्यांचा हात होता. पुढे 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' या नावाने त्यांच्या मंडळींनी कामे केली.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, कंत्राटदार म्हणजे काय ते आम्हांस ठाऊक आहे. त्याचा गौरव तो कसला?" बाबांनो, तुमचा प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर हाच आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

कंत्राटाच्या कामावर चोरी कोठे होते ते प्रथम पाहा. दगड, खडी मोजतात ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग रचताना आत पोकळी ठेवली की ऐंशी फुटांचे शंभर होतात. हजेरीपटावर चाळीस नावे आणि कामावर तीस माणसे, म्हणजे दहा माणसांची मजुरी रोज कोणाच्या तरी खिशात. चुन्यात वाळू जास्त टाकली की भिंत उभी राहते, पण चार पावसाळे काढीत नाही. आणि हे सारे बरोबर आहे अशी सही करणारा जो वर बसलेला असतो, त्याला त्याचा वाटा. यात नुकसान कोणाचे? मजुराचे आज होते, आणि ज्याच्या पट्टीतून हा पैसा आला त्या रयतेचे कायमचे होते.

जोतीराव या कामात उभे राहिले ते डोळे उघडे ठेवून. बांधकामखात्यातील कारकून, ओव्हरसियर हे अडाणी मजुरांस व कारागिरांस कसे नाडतात ते त्यांनी स्वतः पाहिले आणि आपल्या पुस्तकांतून उघड्या शब्दांत लिहिले. ज्या खात्याकडून कंत्राट मिळावयाचे त्याच खात्याची लबाडी छापून काढावयाची, याला छाती लागते. ती छाती त्यांस कोठून आली? ज्याला दगडाचा दर ठाऊक असतो, ज्याच्या हाताला चुना लागलेला असतो, त्याला कोणी शब्दांनी फसवू शकत नाही. आणि ज्याचे पोट एकाच दारावर अवलंबून नसते त्याला त्या दाराशी मान वाकवावी लागत नाही. व्यापार, शेती आणि कंत्राट अशा तीन पायांवर ते उभे होते. एक पाय कोणी ओढला तरी पडणार नव्हते.

ही झाली पहिली ओळख, व्यापारी. दुसरी ओळख शेतकरी, आणि तिचा आपल्या वडिवळ्याशी फार जवळचा संबंध आहे, कारण येथेही पाणी अडविलेले आहे.

खडकवासल्याचे धरण झाले, कालवा निघाला. पण शेतकरी कालव्याचे पाणी घेण्यास कचरत. पाणीपट्टी किती बसेल, पाणी वेळेवर मिळेल की नाही, जमीन बिघडेल की काय, अशा शंका. जोतीरावांनी भाषणे देण्याऐवजी हडपसरच्या पुढे मांजरीस कालव्याजवळ जमीन घेतली आणि त्या पाण्यावर बागाईत करून दाखविली. डोळ्यांनी पाहिलेले पीक शेतकऱ्याला शंभर व्याख्यानांहून जास्त पटते. (आम्ही व्याख्यान देत असूनही हे कबूल करतो.)

पण त्यांनी कालव्याचे नुसते गोडवे गाइले नाहीत. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो छापून बाहेर येण्याआधी त्यांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. त्यात ते कालवाखात्यास विचारतात, पाण्याचे पैसे तर घेता, मग प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पाणी मोजून मिळेल अशी तोटी का बसवीत नाही? पाहा, किती साधी गोष्ट! किराणा दुकानदार तराजू ठेवल्याशिवाय पैसे मागू शकत नाही. पण पाणी विकणारे खाते मापाशिवाय पैसे मागते. हा प्रश्न ज्याने कालव्याच्या कामास सामान पुरविले आणि ज्याने कालव्याचे पाणीही घेतले त्यालाच सुचणार. कचेरीत बसलेल्या साहेबाला तो सुचत नाही, आणि ज्याला हिशेब येत नाही त्या शेतकऱ्यालाही मांडता येत नाही.

आणखीही पुष्कळ उपाय त्यांनी सांगितले. डोंगराच्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाते, तेव्हा लष्करातले व पोलिसातले शिपाई रिकामे असतील तेव्हा त्यांच्याकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावे, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल व विहिरी उन्हाळ्यात टिकतील. चांगल्या पैदाशीची जनावरे तयार करावीत. चांगली शेती करणारास बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांची शिकलेली व सरळ वागणुकीची मुले पाटीलकीवर नेमावीत. आपल्या मावळात पाऊस कोसळतो. भातखाचरे जुलैत तुडुंब भरतात आणि एप्रिल-मे मध्ये डोंगरावरच्या वाड्यांतील बाया हंडाभर पाण्यासाठी ओढ्याकाठी डवरे उकरतात. दीडशे वर्षांपूर्वीचा हा ताल-बंधाऱ्यांचा उपाय आपल्यासाठीच लिहिला होता असे वाटते की नाही?

आपला तालुका तर साऱ्या मुलखाला पाणी देणारा. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. त्याच पवनेच्या बंद जलवाहिनीस विरोध करण्यास शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांची गोळी चालली आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. त्यात एक बाई होती. शहराला पाणी देऊ नये असे जोतीराव कधीच म्हणाले नसते. ते स्वतः शहरात राहत होते. पण कोणाचे पाणी, किती माप, काय मोबदला, आणि कोणाला विचारून, हे चार प्रश्न त्यांनी विचारल्यावाचून सोडले नसते. आपणही सोडू नयेत. मात्र विचारावयाचे तर कागद वाचून, आकडे मांडून विचारावे लागते. नुसत्या घोषणेने माप मिळत नाही.

आता तिसरी ओळख, म्युनिसिपल कमिशनर. येथे थोडी विलायतेची हकीकत सांगतो. त्याच काळी इंग्लंडात बेडफर्ड नावाच्या गावी जेम्स हॉवर्ड म्हणून एक गृहस्थ होता. बाप नांगर करणारा. मुलाने त्यात सुधारणा करून लोखंडी नांगरांचा मोठा कारखाना उभारला. १८६३ साली तो आपल्या गावचा नगराध्यक्ष झाला आणि १८६८ साली पार्लमेंटात निवडून गेला. ज्या १८६३ च्या सुमारास जोतीराव पुण्यात साच्यांचा धंदा करीत होते त्याच साली तेथे नांगर करणारा नगराध्यक्ष होतो! आपल्याकडे तेव्हा लोकांस मतच नव्हते. जोतीराव १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीत आले ते सरकारने नेमले म्हणून. १८८२ च्या सुमारापर्यंत ते सभासद होते.

सरकारने नेमलेला मनुष्य सरकारच्या हो ला हो म्हणणार, अशीच सर्वांची समजूत. त्यांनी काय केले ते ऐका.

एकदा गव्हर्नर जनरल पुण्यास यावयाचे होते. शहर शृंगारावे, त्यासाठी एक हजार रुपये खर्चावे, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. बत्तीस सभासद. मोठमोठे सरदार, सावकार, वकील, विद्वान. जोतीरावांनी सांगितले, हा पैसा करभऱ्या लोकांचा आहे. तो कमानी व पताकांवर उधळण्यापेक्षा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावा. ठराव मतास टाकला. एकतीस एकीकडे आणि जोतीराव एकटे एकीकडे! ठराव पास झाला, कमानी उभ्या राहिल्या, साहेब आले आणि गेले. त्या एकतीस जणांनी त्या दिवशी काय केले हे आज कोणास सांगावेसे वाटत नाही; एकट्याचे मत मात्र आपण इतक्या वर्षांनी वडिवळ्यात बसून आठवीत आहोत.

१८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली. जोतीरावांनी म्युनिसिपालिटीस पत्र लिहिले की, एका हाताने लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्चावयाचा आणि दुसरीकडे घराघरात नाश करणारी दुकाने उघडू द्यावयाची, हे कसे? मायभगिनींनो, हा प्रश्न कोणत्या गावाला आज लागू नाही ते तुम्हीच सांगा.

पुढे पुण्यास मोठी मंडई बांधण्याचे निघाले. एवढा पैसा इमारतीवर घालण्यास जोतीरावांचा विरोध होता. तो आधी शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे. मंडई झाली, १८८६ साली गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने खुली झाली. आणि काळाचा न्याय असा की, त्याच मंडईला आज महात्मा फुले मंडई म्हणतात! आपली मेथी-कोथिंबीर घेऊन तुम्ही तेथे गेला असाल. ज्याने त्या इमारतीविरुद्ध मत दिले त्याचे नाव तिच्यावर आहे. कारण त्याचे मत कोणाच्या द्वेषाचे नव्हते, रयतेच्या पैशाच्या काळजीचे होते, हे पुढच्या पिढीने ओळखले.

या तिन्ही ओळखी एकत्र कोठे येतात ते पाहावयाचे तर पुन्हा त्या १८८२ च्या निवेदनाकडे यावे लागते. त्यात ते म्हणतात, सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातील शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या मोठ्या शिक्षणावर जातो. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. व्यापारी बोलतो आहे, पाहा: पैसा कोठून आला आणि कोठे गेला, असा जमाखर्चच त्यांनी मांडला. खेड्यातल्या मुलांस मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे, आरोग्याचे व नीतीचे ज्ञान द्यावे असे त्यांनी सांगितले.

आणि मास्तरांविषयी जे सांगितले ते आम्हां मास्तरमंडळींनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. खेड्यातला शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातलाच असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि प्रसंग पडला तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास लाजणारा नसावा. त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नये. आम्ही मराठी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून निघालेले साधे मास्तर. तेथे बालमानस शिकविले, फळ्यावरचे अक्षर शिकविले. पण मास्तराने वाकस धरावा हे तेथील कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचले नाही. ते एका कंत्राटदाराने लिहून ठेवले होते.

सक्तीच्या शिक्षणाची ती मागणी सरकारने तेव्हा कानाआड केली. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले; आणि साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क कायद्याने लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. १८८२ पासून २०१० पर्यंत मोजा: एकशे अठ्ठावीस वर्षे. इतका उशीर ज्यांना लागला त्यांच्या चार पिढ्या अंगठा उठवीत गेल्या. ते आपलेच आजे-पणजे होत.

जोतीरावांचा शेवट सुखाचा झाला नाही हेही सांगितले पाहिजे. १८८८ साली त्यांस पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मागे १८९१ साली प्रसिद्ध झाले. ज्याने लाखांची कामे केली त्याच्या घरी अखेरीस औषधपाण्याची ओढ होती, कारण आलेला पैसा साठविलाच नव्हता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचा अंत झाला. आपणांस जाळू नये, मिठात घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. पण वस्तीत पुरण्यास म्युनिसिपालिटीने परवानगी दिली नाही. ज्या म्युनिसिपालिटीत त्यांनी सहा वर्षे रयतेची बाजू मांडली तिने त्यांची शेवटची मागणीही नामंजूर केली! तेथेही त्यांच्या बाजूस बहुमत नव्हतेच.

येथे एक शंका उरते. कोणी म्हणतात, "जोतीराव इंग्रजांची कंत्राटे घेत, इंग्रजांनी नेमले म्हणून म्युनिसिपालिटीत बसत, मग ते सरकारचेच मनुष्य नव्हेत काय?" त्यास आमचे उत्तर असे की, मनुष्य कोणाच्या खुर्चीवर बसला हे पाहू नका, बसून कोणाच्या बाजूने हात वर केला हे पहा. १८८८ च्या मार्च महिन्यात राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यास मेजवानी झाली. दागदागिने घातलेल्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानची खरी प्रजा पाहावयाची तर ती येथे नाही, खेड्यात आहे. सरकारचा मनुष्य राजपुत्रापुढे असे बोलत नाही.

आता आपल्या गावाचे काय? जोतीरावांच्या वेळी एकतीस विरुद्ध एक अशी स्थिती होती, आणि तो एकही सरकारने नेमलेला. आज आपल्यापैकी प्रत्येकास मत आहे. १९९२ सालच्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीस घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. वर्षातून निदान चार ग्रामसभा घेतल्या पाहिजेत असा नियम आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. दहा रुपयांचे तिकीट लावून कोणत्याही सरकारी कामाचा कागद मागता येतो. जोतीरावांपाशी यातले एकही हत्यार नव्हते. आपल्यापाशी सारी आहेत आणि ती गंजत पडली आहेत. ग्रामसभेला माणसे किती येतात? आलेली माणसे हजेरीच्या वहीवर सही करून चहा पिऊन जातात. रस्ता झाला म्हणतात. किती लांब, किती रुंद, खडीचा थर किती इंच, हे कोणी विचारीत नाही. बंधारा झाला म्हणतात. कोठे झाला ते पाहावयास कोणी जात नाही. गवंडी आपल्यातले, खडी टाकणारे आपल्यातले, मुकादम आपल्यातला. ज्यांना काम कळते ते गप्प बसतात आणि ज्यांना कळत नाही ते सह्या करतात. जोतीरावांनी नेमके याच्या उलट केले: ज्याला काम कळते त्यानेच तोंड उघडले.

म्हणून आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे, त्यांच्या तीन ओळखींप्रमाणे.

पहिले, धंदा. पोरगा दहावी-बारावी झाला की कंपनीच्या फाटकाशी उभा करावयाचा आणि सहा महिन्यांनी कंत्राट संपले की घरी बसवावयाचा, एवढ्यावर थांबू नका. त्याला हातात एक हुन्नर द्या: जोडकाम, वीजकाम, पंपदुरुस्ती, गवंडीकाम, ओतकाम. आणि हुन्नराबरोबर दर काढणे, माप घेणे, वही लिहिणे शिकवा. ज्याच्या हाती हुन्नर आणि हिशेब दोन्ही आहेत तो कोणाचा मिंधा राहत नाही. मुलीलाही तेच शिकवा. सावित्रीबाई घरात बसल्या असत्या तर जोतीरावांची शाळा दुसऱ्या दिवशी बंद पडली असती.

दुसरे, शेत. रस्ता आला, बंगलेवाले आले, म्हणून आजोबांनी राखलेले खाचर एका गाडीच्या किमतीत देऊन टाकू नका. पैशाचे पाणी होते. पाण्याचा पैसा करणारा पिढ्यान्‌पिढ्या खातो. उतारावर ताल घाला, पाण्याचे माप मागा, इंद्रायणी तांदूळ दलालाला उभ्या पिकात विकण्याआधी चार घरे एकत्र बसून भाव ठरवा.

तिसरे, गावकी. येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक बाई व एक बाप्या आला पाहिजे. कामाचा अंदाजपत्रकाचा कागद मागा. ज्याला वाचता येत नाही त्याने शाळेत यावे. शाळा सुटल्यावर रोज एक तास आम्ही तो कागद वाचून, आकडे समजावून देऊ. जोतीरावांनी शेतकरी-मजुरांसाठी १८५५ साली रात्रीची शाळा काढली होती. तीच ही समजा. आणि सभेत एकतीस जण एकीकडे गेले, तुम्ही एकटे पडलात, तरी हात खाली घेऊ नका. एकट्याचे मतही वहीत लिहावे लागते, आणि लिहिलेले राहते.

उद्यापासून संध्याकाळी सहा वाजता शाळेचा दरवाजा उघडा राहील. पहिला कागद आपल्याच गावच्या पाण्याचा घेऊ. येताना पाटी-पेन्सिल नको. डोळे उघडे ठेवून या म्हणजे झाले.